पाणी पिळून, सोडा चिमूटभर

“ताई, दाराशी पिवळा चौकोन उमटलाय. घासून घासून हात दुखले, पण तो काही हलत नाही.” व्हिनाईलची फरशी बसवून काही महिने झाले की असा फोन हमखास येतो. मी आधी एवढेच विचारते, तिथे रबराचे पायपुसणे होते का? बहुतेक वेळा होतेच.

ठाण्यात नौपाड्यात आमचे फरशीचे छोटे दुकान आहे. मोजमाप, कापणे, चिकटवणे ही कामे माझे यजमान आणि कारागीर बघतात. फरशी बसल्यानंतरचे फोन माझ्याकडे येतात. रसायनशास्त्र घेऊन केलेली बीएस्सी मला इथे रोज उपयोगी पडते. डागावर काय लावायचे हे सांगण्याआधी डाग कशाचा आणि फरशी कशाची, हे समजायला हवे. मोबाइलवर फिरणारे घरगुती उपाय नेमके तेवढेच सांगत नाहीत. ‘सोडा टाका, लिंबू पिळा, चकचकीत होईल’ एवढ्यावर ते थांबतात आणि बिचाऱ्या घरच्या बाईला वाटते की आपलेच काही चुकले.

आपल्याकडे हिला कोणी पीव्हीसी कार्पेट म्हणते, कोणी व्हिनाईल शीट. फळ्यांच्या आकारात, लाकडी नक्षीची येते तीही हीच. मूळ द्रव्य पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपांचे प्लास्टिक. पाइप कडक असतो आणि शीट गुंडाळता येते, कारण शीटमध्ये मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मिसळलेले असते. अमेरिकेत गुडरिच या रबराच्या कंपनीत काम करणाऱ्या वाल्डो सेमन याने १९२६ साली पीव्हीसी असे मऊ करून दाखवले. तो खरे तर रबर धातूला चिकटवण्याची युक्ती शोधत होता. पुढे १९३३ मध्ये शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात व्हिनाईलची फरशी लोकांसमोर आली.

आपल्या कामाचे म्हणजे तिचे थर. खाली पाठीचा थर, मध्ये गाभा, त्यावर छापलेली नक्षी, आणि काचेखाली फोटो ठेवावा तसा त्या नक्षीवर एक पारदर्शक थर. घरातल्या फरशीत हा पारदर्शक थर साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर असतो. रोजचे चालणे, खुर्च्या सरकवणे, घासणे, सगळे हा पातळ थर सोसतो. तो खरवडला गेला की मळ त्या चऱ्यांत बसतो, फरशी कायमची कळकट दिसू लागते आणि कुठलाही उपाय तिला परत उजळवत नाही. म्हणून मी तारेची घासणी, काथ्या, भांडी घासायची राख आणि दाणेदार पावडर या चार वस्तूंना व्हिनाईलजवळ येऊ देत नाही. पितळेच्या तांब्याला राख शोभते. तिथे घासून घासून नवा धातू वर येतो. इथे घासले की नक्षी वर येते.

आता त्या पिवळ्या चौकोनाबद्दल. रबर हवेने तडकू नये म्हणून कारखान्यात त्यात काही रसायने घालतात. पायपुसण्याच्या पाठीला रबर असले, की ती रसायने हळूहळू खालच्या व्हिनाईलमध्ये उतरतात आणि तिथे पिवळी, तपकिरी होतात. डाग वर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो. व्हिनेगर, सोडा, ब्लीच, काहीही लावले तरी तो जात नाही. दुकानात मी हे आधीच सांगते, तरी घर लावण्याच्या गडबडीत ते राहून जाते. हेच सायकलच्या टायरचे. ठाण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मुलांची सायकल पॅसेजमध्ये उभी असते, तिच्या चाकाखाली तपकिरी पट्टा उठतो. फ्रिजचे रबरी पाय, खुर्चीची काळी चाके, सिलिंडरच्या ट्रॉलीची चाके, सगळ्यांचे तेच. यावर माझे उत्तर जुनेच आहे, आजीच्या घरातले: जुन्या साड्यांच्या पट्ट्यांची विणलेली पायपुसणी. सुती असतात, धुता येतात, पाऊल पुसायला खरखरीतही असतात. सायकलखाली जाड सतरंजीचा तुकडा, फ्रिजच्या पायाखाली फेल्टच्या चकत्या. आधीच पडलेल्या चौकोनावर मात्र उपाय नाही, हे मी स्पष्ट सांगते. त्यावर साडीचे पायपुसणे घाला आणि विसरा.

दुसरा मोठा विषय पाण्याचा. मोझॅइक आणि शहाबादीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना बादलीभर पाणी ओतून, खराट्याने घासून, मोरीकडे लोटले की घर धुतल्यासारखे वाटते. व्हिनाईल वरून पाण्याला दाद देत नाही, ते खरे. पण दोन शीटमधला सांधा, भिंतीकडेची कड, दाराच्या चौकटीभोवती कापलेला भाग, इथून पाणी आत जाते. खाली गेलेल्या पाण्याला वर यायला वाट नसते. चिकटवण सुटते, कडा उचलतात, पावसाळ्यात खाली बुरशी धरते आणि खोलीला कुबट वास येऊ लागतो. इस्पितळात व्हिनाईल धुतलेले चालते, कारण तिथे सांधे गरम करून वितळवून जोडतात आणि शीट भिंतीवर काही इंच गोलाईने चढवतात. कोपराच राहात नाही. घरात अशी जोडणी क्वचितच असते.

त्यामुळे माझा पहिला घरगुती उपाय म्हणजे पिळलेले फडके. आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशी हे काम सुरेख करतात. आधी मऊ फुलझाडूने कण न् कण काढतात, कारण वाळूचा एक कण फडक्याखाली सापडला तर तो पुसताना रेघ ओढत जातो. मग फडके इतके पिळतात की त्यातून थेंब पडत नाही. पुसल्यावर लादी मिनिटा-दोन मिनिटांत कोरडी व्हायला हवी, एवढीच खूण त्या सांगतात. मला तिच्यात काही भर घालावीशी वाटत नाही.

पाण्यात काय घालायचे? बहुतेक दिवस काहीच नाही. स्वयंपाकघरात तेलाचे हात, फोडणीचे उडालेले थेंब असतात, तिथे पाच लिटर कोमट पाण्यात भांड्यांचा पातळ साबण अर्धा चहाचा चमचा. त्याहून जास्त नको. साबणाचा फेस डोळ्याला बरा वाटतो, पण तो मागे राहिला की चिकट थर होतो आणि त्या थरावर पावलांची धूळ बसते. “पुसलं तरी पाय चिकटतात” ही तक्रार जवळजवळ नेहमी जास्त साबणाची किंवा जास्त फिनाईलची असते. साबणाने पुसल्यावर साध्या पाण्याने दुसरा हात फिरवायला हवा.

फिनाईलविषयी थोडे बोलायला हवे, कारण त्या वासाशिवाय अनेकांना घर स्वच्छ वाटतच नाही. पांढरे फिनाईल थोडेसे, क्वचित, चालते. काळे फिनाईल डांबरातून निघालेल्या द्रव्यांचे असते. ते व्हिनाईलवर लावू नका, रंग बिघडतो. वास हवाच असेल तर खिडकी उघडी टाका आणि उदबत्ती लावा, मात्र उदबत्तीचे घर खोल ताटलीत ठेवा. पेटता निखारा फरशीवर पडला तर काळा ठिपका कायमचा राहतो.

मला स्वतःला रिठ्याचे पाणी फार आवडते. सात-आठ रिठे फोडून, बिया काढून रात्रभर भिजत घालायचे, सकाळी उकळायचे आणि गाळायचे. रिठ्यात सॅपोनिन असते, ते साबणासारखेच तेल पाण्यात मिसळवते. दागिने आणि रेशमी साड्या ज्याने धुतो, त्याने फरशीचे वाईट होत नाही. अर्धी वाटी पाणी पाच लिटरमध्ये पुरते. नीट गाळले नाही तर फिकट फरशीवर पिवळट ओघळ दिसतात, म्हणून सुती कापडातून गाळा. उरलेले पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, ते साठवू नका. डोळ्यात गेले तर झोंबते, लहान मुलांपासून दूर ठेवा.

बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी ज्यांच्या वाट्याला येते, त्यांची तक्रार वेगळी. घोडबंदर रोडकडच्या नव्या इमारतींतून मला हे फोन येतात: गडद रंगाच्या फळ्या आहेत आणि पुसल्यावर पांढरट धुके दिसते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार वाळल्यावर मागे राहतात. इथे व्हिनेगर खरेच कामाचे. वाण्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असते. पाच लिटर पाण्यात ते एक वाटी घाला, पिळलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने पुसा. महिन्यातून एकदा पुरे. रोज आम्लाने पुसले तर वरची झिलई मंद होते. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्वाचा एक चहाचा चमचा तेवढ्याच पाण्यात चालतो.

पण हे पाणी व्हिनाईलपुरतेच ठेवा. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत आणि मोझॅइकमध्ये सिमेंट व संगमरवरी खडे असतात. आम्ल त्यांना खाते. हॉलमध्ये व्हिनाईल आणि स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. एकाच बादलीने सगळे घर पुसले तर ओट्यावर आणि पायरीवर पांढरे चट्टे उठतात, आणि ते पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय जात नाहीत.

आता सोडा. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत मोठा फरक आहे. खाण्याचा सौम्य, धुण्याचा बराच तीव्र अल्कली. व्हिनाईलसाठी फक्त खाण्याचा, तोही ठिपक्यापुरता. ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन डागावर हलक्या हाताने गोल फिरवायचा आणि पुसून टाकायचा. वाळलेला चहा, कुकरच्या शिट्टीबरोबर उडालेली डाळ, मुलांचे मेणखडू यांवर तो चांगला चालतो. संपूर्ण फरशीवर सोडा भुरभुरवला तर पांढरी पूड सांध्यांत जाऊन बसते आणि ती काढण्यात दिवस जातो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा उपाय मात्र मला मनापासून खटकतो. फेस उसळतो, बघायला छान वाटते, आणि व्हिडिओत तो फेसच दाखवतात. होते काय, तर आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते सोडियम अ‍ॅसिटेट या क्षाराचे पाणी. क्षार काढायला हवे असलेले आम्ल गेले, डाग काढायला हवा असलेला सोडाही गेला. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कामासाठी.

ही निदान वाया जाणारी गोष्ट झाली. दुसरी एक जोडी धोक्याची आहे. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड, कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये बादली भरताना हे झाले तर छातीत जळजळते, श्वास घुसमटतो. एक उपाय लागू पडला नाही म्हणून त्याच ओल्या जागी लगेच दुसरा ओतायची सवय बहुतेक घरांत दिसते, म्हणून हे सांगते. आधी साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळू द्या, मग पुढचे.

हळदीचा डाग आपला खास. वरणाचा थेंब, लोणच्याचे तेल, हळदीकुंकवाच्या ताटातून सांडलेली चिमूट. हळदीतले रंगद्रव्य तेलात विरघळते आणि पाण्यात जवळजवळ नाही, त्यामुळे नुसत्या ओल्या फडक्याने ती पसरते. कोरडी हळद सांडली तर आधी कोरडीच उचला. तेलातली असेल तर थेट साबणाचा थेंब. सोडा लावल्यावर डाग लालभडक झाला तर घाबरू नका. अल्कलीत हळदीचा रंग तसाच होतो, पाण्याने पुसल्यावर तो मागे येतो. त्यानंतरही पिवळी छटा राहिली तर केमिस्टकडचे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड बरोबरीच्या पाण्यात मिसळून कापसाने त्या ठिपक्यावर दहा मिनिटे ठेवा, आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात करून पाहा, हातात मोजे घाला. खिडकीजवळचा डाग असेल तर तेही नको. उन्हाने हळद आपोआप उडते. लोणच्याच्या बरणीखालचे टेबलपुसणे उन्हात टाकल्यावर पांढरे होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात फोन वाढतात. रांगोळी ही दगडाची पूड असते. ती पायाने पसरली की पारदर्शक थरावर बारीक चरे पाडते. रांगोळी मोडताना फडके फिरवू नका, मऊ झाडूने सुपलीत गोळा करा. रंगीत रांगोळीवर थेट पाणी पडले तर रंग सांध्यात उतरतो. समईचे तेल सांडले तर त्यावर ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ भुरभुरवा, अर्ध्या तासाने ओढून घ्या, मग साबणाचे पाणी. मेणबत्तीचे मेण सांडले तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून त्यावर ठेवा, कडक झाले की जुन्या एटीएम कार्डाने उचलून काढा. सुरी नको.

पेनाची रेघ सॅनिटायझरच्या थेंबाने निघते, लगेच पाण्याने पुसायची. बुटाच्या काळ्या रेघा शाळकरी खोडरबराने जातात. नखांचा रंग सांडला तर तो वाळू द्या आणि खरवडा. नेलपॉलिश काढायचे द्रव आणि रंगाऱ्याचा थिनर, दोन्ही व्हिनाईलला विरघळवतात. पुसता पुसता नक्षीच फडक्यावर येते.

सिलिंडरविषयी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचे वजन साधारण तेवढेच. तो तिरका करून कडेवर फिरवत नेला की ते सगळे वजन लोखंडी कड्याच्या एका टोकावर येते आणि शीट कापली जाते. सिलिंडर आणून देणाऱ्या दादांना दारातच सांगा, “दादा, जाड पुठ्ठा टाकलाय, त्यावरून न्या.” ते नेहमी ऐकतात. कड्याचा गंज फरशीवर उमटला असेल तर लिंबाची फोड पाच मिनिटे ठेवा आणि पुसा.

कोकणातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. तिथे शेणाने सारवलेल्या किंवा कोब्याच्या जमिनीवर थेट पीव्हीसी अंथरतात. जमिनीतली ओल वर येते, शीटखाली अडकते आणि पावसाळ्यात खाली हिरवट काळे धरते. अशा घरात शीट कधीही चिकटवू नका. सैल अंथरा, पावसाळा सरला की उचला, जमीन आणि शीट दोन्हींना हवा लागू द्या, पाठ कोरड्या फडक्याने पुसा. सारवायचे असेल तर तेव्हाच सारवून घ्या आणि पूर्ण वाळल्यावर परत घाला. मे महिन्याच्या तळपत्या उन्हात मात्र शीट पसरू नका, ती ताणते आणि परत बसवताना लाटा पडतात.

जुन्या मंडळींना लिनोलियम आठवते. ते जवसाच्या तेलापासून आणि बुचाच्या भुश्यापासून बनते, व्हिनाईलशी त्याचे नाते नाही. लिनोलियमला अल्कली अजिबात सोसत नाही. एखाद्या जुन्या बंगल्यात खरे लिनोलियम उरले असेल तर सोड्याचा उपाय तिथे करू नका. मेण लावून घासण्याचा जुना सल्लाही त्याच फरशीचा. व्हिनाईलवर मेण चढवले तर घसरडे होते, आणि घरात म्हातारे माणूस असेल तर मी ते मुळीच लावू देत नाही.

जळालेल्या आणि कापलेल्या जागेला पुसण्याचा उपाय नाही, पण दुरुस्ती आहे. इस्त्री पडली, तापलेला कुकर टेकवला, तर पीव्हीसी मऊ होऊन आकार सोडते. अशा वेळी त्याच शीटचा तुकडा डागावर नक्षी जुळवून ठेवतात, चिकटपट्टीने पक्का करतात आणि धारदार कटरने दोन्ही थर एकदम कापतात. खालचा जळका भाग आणि वरचा नवा तुकडा एकाच रेषेत कापले गेल्यामुळे तुकडा जागेवर बरोबर बसतो, जवळून पाहिल्याशिवाय जोड कळत नाही. त्यासाठी मूळ शीटचा तुकडा घरात हवा. तीच नक्षी दोन वर्षांनी बाजारात मिळेल याची खात्री नसते. म्हणून फरशी बसवून झाली की कारागिराकडून उरलेला तुकडा मागून घ्या, निदान हात-दीड हात लांबीचा. घडी घालू नका, घडीची रेघ जात नाही. नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, सुतळीने सैल बांधा आणि कपाटामागे उभा ठेवा, रबराच्या कशालाही न टेकता.